जुन्या विधीची नवी त्वचा : लेनर्ड कोहेनच्या एका गीतसंग्रहातील मार्मिकता आणि प्रार्थनासंहिता

गीत आणि कविता यांच्या नात्याविषयी तौलनिक साहित्याभ्यासात बरीच चर्चा झालेली असली, तरी ध्वनिमुद्रित गीतसंग्रह हा आपल्या अभ्यासविषयात अद्याप संकोचानेच प्रवेश करतो. २०१६ मध्ये बॉब डिलनला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा झालेल्या वादातही हा संकोच दिसून आला. समर्थकांनी आणि विरोधकांनी सारख्याच हिरिरीने कागदावर छापलेले शब्द पुढे केले. हे शब्द कविता या पदवीस पात्र आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न मग उरला. गाण्यातील शब्दांचा अर्थ चालीवाचून, स्वरावाचून आणि प्रसंगावाचून पूर्ण होतो काय, हा त्याआधीचा प्रश्न विचारला गेला नाही. त्याच वर्षी, वयाच्या ८२ व्या वर्षी, ७ नोव्हेंबर रोजी लेनर्ड कोहेनचे निधन झाले. डिलनला पारितोषिक देणे म्हणजे एव्हरेस्टला सर्वांत उंच पर्वत म्हणून पदक लावणे होय, अशा आशयाचा अभिप्राय त्याने मृत्यूपूर्वी काही आठवडे दिला होता. स्तुती आणि उपरोध यांची सीमारेषा पुसून टाकण्याची ही रीत त्याच्या गीतांचीही आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या १९७४ सालच्या ‘न्यू स्किन फॉर द ओल्ड सेरेमनी’ या संग्रहाच्या आधारे या रीतीचा विचार करावयाचा आहे.

कोहेन गीतकार होण्यापूर्वी कवी होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. १९३४ मध्ये माँट्रियल येथील एका प्रतिष्ठित ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मॅकगिल विद्यापीठात लुई ड्युडेक यांचे मार्गदर्शन आणि आर्व्हिंग लेटन यांचा सहवास त्याला लाभला. ‘लेट अस कंपेअर मिथॉलॉजीज’ हा त्याचा पहिला कवितासंग्रह १९५६ चा; त्याच्या शीर्षकातच तौलनिकांना निमंत्रण आहे. दोन कादंबऱ्या आणि अनेक कवितासंग्रह नावावर झाल्यानंतर, तिशी ओलांडल्यावर तो गाण्याकडे वळला. पहिली तबकडी १९६७ अखेरची. ‘न्यू स्किन’ हा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला चौथा संग्रह असून त्यात ११ गीते आहेत.

या संग्रहाला लोक-रॉक म्हटले जाते. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झालेल्या या प्रकारात लोकगीताची कथनशैली आणि गिटारची साधी साथ यांना रॉक संगीतातील ढोल, बास व विद्युत-वाद्ये यांची जोड मिळाली. कोहेनच्या आधीच्या तबकड्यांत मुख्यतः गिटार आणि त्यामागे अस्पष्ट स्त्रीस्वर असत. येथे तरुण संगीतसंयोजक जॉन लिसॉवर याने व्हायोला, मँडोलिन, बॅन्जो, सुषिर वाद्ये आणि तालवाद्ये आणली. त्यामुळे गायकाच्या सपाट, मर्यादित आवाजाभोवती एक लहानसे नाट्यगृह उभे राहिले, असे म्हणता येईल. गायक रडतो तेव्हा वाद्ये हसतात, आणि क्वचित उलटही घडते. हा संग्रह विनोदी आहे हे छापील शब्दांवरून चटकन ध्यानात येत नाही, ते यामुळेच.

शीर्षकापासूनच ही मार्मिकता सुरू होते. इंग्रजीतील ‘स्किन’ या शब्दाचे येथे तीन अर्थ तरी संभवतात. एक, देहाची त्वचा. दुसरा, मराठी बायबलाने ज्याला ‘बुधला’ म्हटले तो द्राक्षारसाचा चामडी बुधला. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात घालू नये, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टान्त प्रसिद्धच आहे. तिसरा अर्थ ज्यू परंपरेतील सुंता-विधीकडे निर्देश करतो. तेथे त्वचा हीच कराराची खूण असते. दृष्टान्तात नवा रस आणि जुना बुधला आहे. कोहेनने क्रम उलटवला : विधी जुनाच, वेष्टण मात्र नवे. मराठीत ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार हाताशी आहे. पण कात टाकणारा साप जुनी त्वचा मागे ठेवतो, तर येथे जुने टाकून देण्याचा प्रश्नच नाही.

मुखपृष्ठही याला साजेसे होते. १५५० मध्ये फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या ‘रोझारियम फिलॉसॉफोरम’ या किमयाशास्त्रीय ग्रंथातील एक काष्ठचित्र त्यावर घेतले होते : मुकुट आणि पंख असलेले आलिंगनबद्ध स्त्री-पुरुष. याच ग्रंथातील चित्रमालेवर कार्ल युंग यांनी १९४६ मध्ये मानसशास्त्रीय विवेचन केले होते. कोहेनचे छायाचित्र मुखपृष्ठावर नसलेली ही त्याची पहिली तबकडी.

अशा गीतकाराचे वाचन बहुधा आत्मचरित्राच्या अंगाने होते. ‘चेल्सी हॉटेल क्र. २’ हे गीत त्याचे ठळक उदाहरण. त्यातील स्त्री म्हणजे गायिका जॅनिस जॉप्लिन, हे पुढे कोहेननेच सांगितले, आणि त्याबद्दल त्याला पश्चात्तापही झाला. या माहितीने गीताचे फारसे भले झाले नाही, असे माझे मत आहे. गीताची खरी गंमत त्याच्या शेवटात आहे. शोकगीत म्हणून सुरू झालेली रचना अखेरीस, आपल्याला हिची आठवण फारशी येत नाही, अशा थाटात खांदे उडवते. शोकगीताचा संकेत असा मोडला गेल्यामुळेच शोक विश्वसनीय वाटतो. व्यक्ती ओळखली की वाचक संकेताकडे पाहणे सोडून देतो.

आत्मचरित्राच्या मोहाला संग्रहातच एक उत्तर दिलेले आहे. ‘फील्ड कमांडर कोहेन’ या गीतात कवी स्वतःच्याच आडनावाला लष्करी हुद्दा बहाल करतो आणि स्वतःला एक मोठा हेर, राजदूत, क्रांतीच्या मेजवान्यांतील उपद्व्यापी पाहुणा म्हणून रंगवतो. १९६१ मध्ये अमेरिकापुरस्कृत हल्ल्याच्या सुमारास तो खरोखरच हवानात होता, हा चरित्रातील तपशील येथे वीररसाच्या विडंबनासाठी वापरला आहे. हे आडनाव मूळचे ‘कोहेन’, म्हणजे पुरोहित. पुरोहिताच्या वंशजाने स्वतःला सेनानी म्हणवून घ्यावे आणि दोन्ही पदांना आपण कसे अपुरे आहोत ते सांगावे, अशी ही दुहेरी थट्टा आहे. १९७१ च्या ‘फेमस ब्लू रेनकोट’ या पत्ररूप गीताच्या शेवटी त्याने पत्राखाली करावी तशी आपल्या नावाची सही केली होती. मराठी वाचकाला येथे अभंगातील नाममुद्रा आठवणे स्वाभाविक आहे. साम्य रचनेत आहे, कार्यात मात्र अंशतःच. अभंगाची नाममुद्रा वक्त्याला कितीही लीन करीत असली, तरी उक्तीला अधिकार देते. ऐकणाऱ्यांचा एक समुदाय ती मुद्रा ओळखतो व पुढे म्हणत राहतो. कोहेनची सही उक्तीचा अधिकारच संशयास्पद करते. तिच्यामागे समुदाय नाही, किंवा जो आहे त्याच्यासमोर सही करणाऱ्याला अवघडल्यासारखे होते.

हा समुदाय १९७३ च्या ऑक्टोबरात त्याच्यासमोर प्रत्यक्ष उभा राहिला. ६ ऑक्टोबर रोजी, योम किप्पूर या ज्यू प्रायश्चित्तदिनी, इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. त्या वेळी ग्रीसमधील हायड्रा बेटावर राहणारा कोहेन तेथून इस्रायलला गेला आणि काही स्थानिक कलावंतांबरोबर सैनिकांपुढे गात आघाडीवर हिंडला. ‘लव्हर लव्हर लव्हर’ हे गीत त्याच काळात रचले गेले. मॅटी फ्रीडमन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या दौऱ्यावरील पुस्तकात, सैनिकांशी बंधुभाव सांगणारे एक कडवे कोहेनच्या वहीत आढळते आणि ध्वनिमुद्रित गीतात ते नाही, याकडे लक्ष वेधले आहे. हे वगळणे महत्त्वाचे आहे. उरलेल्या गीतात पुत्र पित्याजवळ नवे नाव मागतो, कारण आहे ते नाव भयाने व लज्जेने मळले आहे. आणि अखेरीस या गाण्याने ऐकणाऱ्याचे ढालीसारखे रक्षण करावे अशी इच्छा व्यक्त होते. तो ऐकणारा कोणत्या बाजूचा, हे सांगितलेले नाही. जे कडवे एका छावणीचे होते ते गेले, आणि आशीर्वाद तेवढा राहिला. ‘देअर इज अ वॉर’ मध्ये हीच सामग्री थट्टेच्या अंगाने येते. तेथे युद्धांची यादी वाढत वाढत शेवटी युद्ध आहे की नाही या मतभेदालाही त्या यादीत जागा मिळते.

संग्रहाचे केंद्र मात्र ‘हू बाय फायर’ हे जेमतेम अडीच मिनिटांचे गीत आहे, आणि त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

या गीतामागे ‘उनेताने तोकेफ’ ही हिब्रू प्रार्थना आहे. ज्यू नववर्षदिनी आणि योम किप्पूरला ती सभागृहात म्हटली जाते. येत्या वर्षात कोण जगेल, कोण मरेल, कोण पाण्याने आणि कोण अग्नीने, कोण तलवारीने, कोण श्वापदाने, कोण भुकेने, कोण तहानेने, अशी तिच्यातील नोंदवही उलगडत जाते. माइंत्स येथील रब्बी अम्नोन यांनी धर्मांतरास नकार दिल्यामुळे हातपाय तोडले गेलेल्या अवस्थेत ती उच्चारली, अशी आख्यायिका तेराव्या शतकातील एका ग्रंथात येते. परंतु कैरोच्या गेनिझा भांडारात सापडलेल्या हस्तलिखितांमुळे रचना याहून जुनी असल्याचे अभ्यासक मानतात. प्रायश्चित्तदिनी सुरू झालेल्या त्या युद्धात ही नोंदवही अलंकारिक राहिली नसणार. कोहेनने गीताच्या चालीचेही नाते बालपणी सिनेगॉगमध्ये ऐकलेल्या चालीशी सांगितले आहे.

त्याने केलेले फेरफार तीन प्रकारचे आहेत. प्रार्थनेच्या प्रचलित पाठात पाणी आधी आणि अग्नी नंतर येतो. गीतात अग्नी आधी. हा बदल लहान, पण पहिल्याच शब्दांत विसाव्या शतकाची आठवण जागी करणारा. दुसरा फेरफार यादीतील नव्या नोंदींचा : झोपेचे औषध, हिमप्रपात, एकांत, आरसा, स्वतःचा हात. मध्येच वसंतातील मे महिन्याचा उल्लेख जुन्या इंग्रजी लोकगीतांच्या ठरीव शब्दांत येतो, जणू सिनेगॉगच्या खिडकीतून बाहेरच्या कुरणातले गाणे ऐकू यावे. सर्वांत मोठा फेरफार तिसरा. मूळ प्रार्थनेत यादीनंतर आश्वासन येते : पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म यांनी निर्णयाची कठोरता टळते. सारा समुदाय हे वाक्य मोठ्याने म्हणतो. कोहेनने ते काढून टाकले आणि त्या जागी एक प्रश्न ठेवला. हा प्रश्न तत्त्वज्ञाचा नाही. घरातील नोकराने किंवा कचेरीतील टेलिफोन ऑपरेटरने पलीकडच्या व्यक्तीचे नाव आत कळवण्यासाठी विचारावे, तसा तो सौजन्यपूर्ण आणि ठरीव आहे.

प्रलयाच्या यादीनंतर हे सौजन्य ऐकून प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की निरोप घेणारा, निरोप पाठवणारा आणि ज्याच्यासाठी निरोप आला तो, अशा तीन भूमिका येथे आहेत, आणि गायक त्यांपैकी फक्त मधल्या माणसाची भूमिका घेत आहे. निर्णय घेणारा कोण, हे त्याला ठाऊक नाही. आहे की नाही हेही ठाऊक नाही. पण दाराशी कोणी आले तर वर्दी देण्याचे काम त्याच्याकडे आहे. श्रद्धा गेल्यावरही उरणारे पौरोहित्य ते हेच. नास्तिकाचे विडंबन केले असते तर ते सोपे झाले असते, आणि श्रद्धावंताचे भाषांतर केले असते तर अनावश्यक. विनोदामुळे या दोन्ही टोकांपासून दूर अशी एक जागा निर्माण झाली. या संग्रहात विनोद सजावटीसाठी येत नाही, तो उभे राहण्याची जागा देतो, असे मला वाटते ते यामुळे.

हे गीत मराठीत आणू पाहणाऱ्यास प्रथम अडचण येते ती विभक्तीची. हिब्रूमध्ये एकच पूर्वप्रत्यय साधन, कारण आणि स्थळ या सर्वांचे काम करतो, म्हणून प्रार्थनेत प्रत्येक मृत्यूला एकाच घणाचा ठोका बसतो. इंग्रजीत त्या एका प्रत्ययाची मुख्यतः दोन शब्दयोगी अव्यये होतात, साधनवाचक आणि स्थलवाचक. कोहेन ती आलटूनपालटून वापरतो आणि त्यातून झोका निर्माण होतो. मराठीत मात्र अग्नीने, उन्हात, एकांतापायी, हुकमावरून, स्वतःच्या हातून असे प्रत्येक मरणाचे वेगळे व्याकरण होते. आपली भाषा मृत्यूंची वर्गवारी करते. मूळ प्रार्थना ती करू देत नाही. दुसरीकडे, इंग्रजी गीतात मरण्याचे क्रियापद कोठेच येत नाही, आणि येथे मराठी सहज बरोबरी साधते. ‘तापाने गेला’, ‘अपघातात गेला’ असे आपण म्हणतो, आणि वाक्यातील ‘गेला’ गाळले तरी ऐकणाऱ्याला कळते. अखेरच्या प्रश्नाला ‘वर्दी’ हा शब्द नेमका जुळतो, पण तो वाड्याच्या देवडीवरचा आहे. त्याने टेलिफोनचा निर्विकारपणा हरवतो. चांगल्या भाषांतराने यांपैकी कोणते नुकसान पत्करावे, हे भाषांतरकाराच्या श्रद्धेवर नव्हे, त्याच्या विनोदबुद्धीवर अवलंबून राहील.

भारतीय वाचकाला या प्रश्नात ‘कोऽहम्’ ऐकू येण्याचा संभव आहे. कोहेन आणि कोऽहम् हे नादसाम्यही मोह पाडणारे! त्यातच कोहेनचा मुंबईशी आलेला संबंध खरा आहे. लॉस एंजेलिसजवळील झेन मठात काही वर्षे काढल्यानंतर तो १९९९ मध्ये मुंबईस आला, केम्प्स कॉर्नर येथील एका साध्या हॉटेलात राहिला आणि रमेश बाळसेकर यांच्या घरी सकाळच्या सत्संगाला नियमाने जात राहिला. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे एके काळचे प्रमुख, आणि खेतवाडीत बिडीचे दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य व दुभाषी. महाराजांची निरूपणे मराठीत होत. मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणलेला ‘आय अॅम दॅट’ हा ग्रंथ १९७३ मध्ये, म्हणजे प्रस्तुत संग्रहाच्या आदल्या वर्षी, निघाला. मराठी बोलीतून इंग्रजीत आणि तेथून माँट्रियलच्या कवीपर्यंत झालेला हा प्रवास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु त्याची छाया १९७४ च्या गीतावर पाडणे कालविपर्यास ठरेल. शिवाय ‘कोऽहम्’ हा प्रश्न विचारणाऱ्याकडे वळतो. कोहेनचा प्रश्न दाराबाहेरच्याकडे वळलेला आहे.

प्रभावाचा दावा न करता एक समकालीन तुलना मात्र उपयोगी पडते. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७४ मध्येच एका नियतकालिकात प्रथम आली आणि १९७६ मध्ये पुस्तकरूप झाली. देवस्थानाकडे उपरोधाने पाहणारा, पण पाहणे न थांबवणारा निवेदक तेथेही आहे. फरक असा की कोलटकरांचा निवेदक एस.टी.ने येतो व रेल्वे स्थानकावरून निघू पाहतो. परकेपण हे त्याच्या दृष्टीचे भांडवल आहे. कोहेनला येण्याजाण्याची सोय नाही. तो ज्या देवळाची थट्टा करतो त्याच्या पुरोहितवंशाचे आडनाव त्याला चिकटलेले आहे.

इतर गीतांकडे थोडक्यात पाहता येईल. ‘अ सिंगर मस्ट डाय’ मध्ये न्यायालय भरते, आणि आरोप आहे तो आवाजातील असत्याचा. आरोपी इतक्या तत्परतेने गुन्हा कबूल करतो आणि सत्य राखणाऱ्यांचे इतके आभार मानतो की न्यायालयच केविलवाणे होते. ‘टेक धिस लाँगिंग’ हे बफी सेंट-मेरी हिने १९७१ मध्ये वेगळ्या नावाने गायलेले गीत; मला ते या संग्रहात थोडे उपरे वाटते, कारण त्यातील याचना निर्मळ आहे. ‘लीव्हिंग ग्रीन स्लीव्ह्ज’ या शेवटच्या गीतात १५८० मध्ये लंडनच्या मुद्रक-नोंदवहीत नोंदवलेल्या प्रसिद्ध प्रेमगीताची चाल आणि शब्द घेऊन कोहेन त्यांची मोडतोड करतो आणि अखेरीस अक्षरशः ओरडतो. प्रार्थनेसारखे प्रेमगीतही येथे जुना विधीच ठरते, पण हा प्रयोग फसला आहे असे म्हणावेसे वाटते; मोडतोड आहे, नवी त्वचा नाही.

१९९३ मध्ये कोहेनच्या निवडक कवितांचा आणि गीतांचा ‘स्ट्रेंजर म्युझिक’ हा एकत्रित ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गीत आणि कविता शेजारी शेजारी छापल्या आहेत, आणि अभ्यासकांना या ग्रंथाची सोय वाटते. ‘आय ट्राइड टू लीव्ह यू’ हे लहानसे गीत मात्र तेथे वाचून पाहावे. दीर्घ सहवासाला कंटाळलेला पण निघून न जाऊ शकलेला पुरुष बोलतो आहे. वर्षे गेली, तो अजून तेथेच आहे. कागदावर हे विवाहजीवनाचे एक थकलेले चित्र आहे. १७ जुलै २००८ रोजी लंडन येथे झालेल्या आणि पुढे तबकडीरूपाने प्रसिद्ध झालेल्या मैफलीत ७३ वर्षांचा कोहेन हेच गीत कार्यक्रम संपल्यावर, श्रोत्यांच्या आग्रहाखातर पुन्हा मंचावर येऊन गातो. आता सोडून जाऊ न शकलेली व्यक्ती म्हणजे समोरचा श्रोतृसमुदाय होतो. मध्येच तो एकेका वादकाला आणि गायिकेला पुढे करतो, प्रत्येकाची फेरी होते, निरोप लांबत जातो. शब्द १९७४ चेच आहेत. विवाहाची तक्रार आता श्रोत्यांशी केलेल्या कराराची कबुली झाली आहे, आणि ध्वनिमुद्रणात त्या हजारो माणसांचा प्रतिसाद ऐकू येतो.